तिसरी साक्षीदार

भाचीच्या लग्नाला आम्ही तीन साक्षीदार होतो. मी, माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि त्याच्याबरोबर गेली एकोणीस वर्षं राहणारा त्याचा जोडीदार. या दोघांना भाचीनंच बोलावलं होतं. लहानपणी मे महिन्यात ती पंधरा-पंधरा दिवस त्यांच्याकडे राहायची. पोहायला, सायकल चालवायला आणि पुढे माणसाशी न भांडता वाद घालायला ती त्या घरात शिकली. विवाह नोंदणी कार्यालयात सकाळपासून गर्दी होती. मोगऱ्याचे गजरे, घामाचा वास, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, आणि कुणाच्या तरी पिशवीतून गळणारं पेढ्यांचं तूप. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनानं तिघांची आधार कार्डं घेतली, दोन शेजारी-शेजारी धरून पाहिली आणि विचारलं, "पत्ता एकच आहे तुमचा. भाऊ का?" मित्र म्हणाला, "नाही. एकत्र राहतो आम्ही." कीबोर्डवरची बोटं थांबली. कारकुनानं मान वर केली. तेवढ्यात आमच्या मागून बाबांचा आवाज आला, "रूम पार्टनर. रूम पार्टनर आहेत." दोनदा, आणि इतक्या घाईनं की त्यांचा त्यांनाच ठसका लागला. कारकून "हां" म्हणाला आणि बोटं पुन्हा चालू लागली. मग अंगठे, फोटो, सह्या. पंधरा मिनिटांत भाचीचं लग्न लागलं, बाहेर येऊन आम्ही पेढे खाल्ले, बाबांनी नव्या जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या शब्दाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

मला मात्र तो शब्द पायात कुसळ राहावं तसा राहिला.

त्या दोघांचं घर मी पहिल्या दिवसापासून पाहिलंय. रिकाम्या खोल्यांत नुसती एक सतरंजी होती, तेव्हापासून. एकाला मधुमेह, म्हणून दुसऱ्यानंही साखर सोडली. आता त्यांच्याकडचा चहा कुणालाच पिववत नाही. गॅसचा नंबर कुणी लावायचा यावरून दर महिन्याला वाद. फ्रिजवर दोघांच्या आयांच्या औषधांच्या यादी, दोन वेगळ्या अक्षरांत. एकदा त्यांच्याकडे भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आपल्या घरांतल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, 'सौ. अमुक यांस, अमुक यांजकडून, शुभविवाहप्रीत्यर्थ', तसं तिथे एकही भांडं नव्हतं. एका पातेल्यावर नाव होतं, पण ते मित्राच्या आईचं, तिच्या लग्नातलं. बाकी सगळं त्यांनी स्वतः दुकानातून आणलेलं, कोरं. मराठीत आपण याला संसार म्हणतो. त्या शब्दात कुठेही अंतरपाट नाही, नोंदणी नाही. लग्न नुसतं लागतं; संसार रोज उठून करावा लागतो, आणि तो त्यांनी केलेला आहे.

बाबांना हे ठाऊक आहे. म्हणून तर मला कोडं पडलं होतं. बाबा आता एक्याऐंशी वर्षांचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेले. स्नान-संध्या चुकत नाही, चतुर्थी मोडत नाही. माझा मित्र त्यांना 'काका' म्हणतो आणि सुनेला विचारावं तसं बाबा त्याच्या जोडीदाराला विचारतात, "काय केलंस आज जेवायला?" तरीही 2023च्या उन्हाळ्यात सर्वोच्च न्यायालयातली समलिंगी विवाहाची सुनावणी यूट्यूबवर थेट दिसत होती, तेव्हा टॅबलेट पुढ्यात धरून बाबा रोज तास-तासभर ती ऐकायचे आणि शेवटी एकच म्हणायचे, "लग्न हा संस्कार आहे, करार नव्हे. सरकारनं आणि कोर्टानं त्यात पडायचंच नाही." केंद्र सरकारनं शपथपत्रात पती, पत्नी आणि मुलं ही भारतीय कुटुंबाची कल्पना मांडली होती, ते त्यांना पटलेलं होतं. मी वाद घालायची. भाजी करपायची.

17 ऑक्टोबरला निकाल आला. नवरात्राची तिसरी माळ होती, घरात घटाच्या ओल्या मातीचा आणि झेंडूचा वास. पाचही न्यायमूर्ती म्हणाले की घटनेत विवाहाचा असा मूलभूत हक्क नाही. धर्म न बघता लग्न लावू देणारा विशेष विवाह कायदाही न्यायालयाला नव्यानं लिहिता येणार नाही, तो संसदेचा अधिकार. निदान जोडप्याच्या नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मतं फुटली आणि तीन विरुद्ध दोन अशी तीही वाट बंद झाली. संध्याकाळी मित्र नेहमीसारखा देवीच्या दर्शनाला आला. बाबांनी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली, त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला थोडा वेळ, आणि म्हणाले, "जेवून जा." जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत होते. तो नव्हता.

'सरकारनं लग्नात पडू नये' हे बाबांचं वाक्य मला खूप दिवस प्रामाणिक वाटत होतं. टिळकांवर त्यांची निष्ठा, आणि 1891च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला तो याच मुद्द्यावर, की परक्या सरकारनं आमच्या चालीरीतींना कायद्यानं हात लावू नये. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करणारा तो कायदा. दहावरून बारा! पण बाबा वर्गात संमतिवय शिकवायचे तेव्हा त्याच्या चारच वर्षं आधीचं प्रकरण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असायचं, आणि तेही तिथून घाईनं पुढे जायचे. रखमाबाईंचं. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, मला या नवऱ्याकडे नांदायचं नाही. 1884 मध्ये नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी पुढच्या वर्षी दावा फेटाळला. नको असलेल्या माणसाकडे बाईला जबरदस्तीनं पाठवणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. नवऱ्यानं अपील केलं आणि 1887 मध्ये हुकूम झाला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या सगळ्या काळात 'केसरी' नवऱ्याच्या बाजूनं उभा होता. आणि ज्या हक्काखाली दादाजींनी दावा लावला होता, तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, तो आपल्या स्मृतींतून आलेलाच नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. इंग्रजांचा कायदा, इंग्रजांचं कोर्ट, इंग्रजांचा तुरुंग, आणि तो धर्मरक्षणासाठी चालत होता. चार वर्षांनी त्याच इंग्रजांनी मुलीचं वय वाढवलं, तेव्हा सरकारनं घरात शिरू नये हे आठवलं.

हे मी एकदा बाबांना म्हटलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "रखमाबाई गेल्या कधी, माहितीय? 1955. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी." त्यांना हे पाठ होतं. फक्त वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आणि ते नांदायला बोलावण्याचं कलम? ते त्या कायद्यात घेतलंच की, कलम 9. आजही आहे. बाबा काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मला असं वाटतं की परंपरा जपू पाहणाऱ्या माणसाचं सरकारशी वैर नसतंच. त्याला सरकार दारात हवं असतं, दंडुका घेऊन उभं. कुणाला आत सोडायचं ते मात्र घरानं सांगायचं. हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी धर्मात हात घालू नका म्हणून केवढा गदारोळ झाला, 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि डिसेंबर 2022 मध्ये आपल्याच राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली, तेव्हा सरकार लग्नात का पडतंय असं त्या बाजूच्या कुणी विचारल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात, तीस दिवसांत कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. भाचीचा नवरा वसईचा, ख्रिस्ती. ती नोटीस लागली त्या महिन्यात बाबा रोज रात्री दारं-खिडक्या दोनदा तपासायचे. सकाळी फिरायला जाताना मुद्दाम त्या कार्यालयाच्या रस्त्यानं जायचे. एकदा तिथे फलकासमोर कुणी मुलगा मोबाईलवर नोटिसांचे फोटो काढत होता, तेवढं पाहून घरी आले ते छातीला हात लावून बसले. आधी चार महिने याच लग्नाला त्यांचा विरोध होता. पण नातीचा फोटो तारेच्या जाळीमागे लागलेला पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दाराच्या त्या बाजूला उभे राहिले.

यात एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या कायद्यातल्या लग्नाच्या अटींची सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्तींमधला विवाह' अशी आहे. दोन व्यक्ती. पुढे वयाच्या अटीत पुरुष एकवीस आणि स्त्री अठरा येतात, आणि दार लागतं.

आईचं आठवलं की हे सगळं आणखी गुंततं. माझ्या पाठची बहीण झाल्यावर चार वर्षांनी आईला पुन्हा दिवस गेले होते. 1979 सालची गोष्ट. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. तालुक्याच्या दवाखान्यात तिचं क्युरेटिंग झालं. आमचं घर सोवळ्या-ओवळ्याचं, पण कुणी पाप म्हटलं नाही. आजीनं "हे अर्धं बाळंतपणच गं" म्हणत तिला डिंक-आळीव खायला घातलं, कान बांधून झोपवलं, दहा दिवस पाण्यात हात घालू दिला नाही. आईनं मला हे फार पुढे सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, एवढ्या सहज की मी आधी नीट ऐकलंच नाही. मग म्हणाली, "मला विचारलं नव्हतं असं नाही. पण सही ह्यांचीच घेतली." 1971चा गर्भपाताचा कायदा सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी मानतो, नवऱ्याची सही मागत नाही. दवाखान्याला ती हवी होती आणि आईलाही ती असणारच असं वाटत होतं. त्याच सुमारास आमच्या गल्लीतली एक मुलगी अचानक मावशीच्या गावी गेली. परत आली ती वाळून, गालफडं बसलेली, आणि कुणी तिच्यासाठी आळीव भिजवले नाहीत. दोघींच्या बाबतीत घडलं तेच. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

डॅलसला राहणारी मामेबहीण फोनवर तिथलं सांगते तेव्हा मला हा फरक फार जाणवतो. तिथे परंपरावाद्यांनी पन्नास वर्षं पोटातल्या गर्भासाठी लढाई केली आणि जून 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढवून घेतला. आपल्याकडे गर्भावरून देव आडवा आला नाही. शांतिलाल शाह समितीनं शिफारस केली, कुटुंबनियोजनाचं वारं होतं, कायदा फारशा आरडाओरड्याशिवाय झाला. मात्र गर्भनिरोधन फसलं तर त्या कायद्याची सवलत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरती होती. पन्नास वर्षं तशीच. 2021च्या दुरुस्तीत 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं, आणि 29 सप्टेंबर 2022ला सर्वोच्च न्यायालयानं चोवीस आठवड्यांची मुदत अविवाहित बाईलाही आहे असं सांगितलं. पती गेला आणि जोडीदार आला, तेव्हा मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली होती. र. धों. कर्व्यांची आठवण आली. याच मुंबईत 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. बाईला मूल कधी हवं ते तिनं ठरवावं, एवढं म्हणण्यासाठी 'समाजस्वास्थ्य' 1927 पासून मरेपर्यंत चालवलं, खटले सोसले. शंभर वर्षांनी कायद्यात एक शब्द बदलला. पण जोडीदार हा शब्द गर्भपाताच्या कायद्यात आला, लग्नाच्या कायद्यात नाही. माझ्या मित्राला नेमका तोच हवा आहे.

आणि हवा कशासाठी? बाबांशी वाद घालून दमले तेव्हा कुठे मला हे उमगलं, की बाबांना लग्नात जे पवित्र वाटतं, नेमकं तेच त्याला हवंय. बाबा मोठ्या वाड्यात वाढले. आलवणातल्या विधवा आत्याचा कोंडमारा त्यांनी पाहिला, पण ती आजारी पडली तेव्हा उशाशी सात माणसं होती हेही पाहिलं. त्यांच्या लेखी लग्न म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं हे ठरलेलं असणं. मोकळं सुटायला माझ्या मित्राला कुणाच्या परवानगीची गरज नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तेव्हापासून तो गुन्हेगारही नाही. त्याला बांधून घ्यायचं आहे. सहा वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी परदेशात होते, बहीण प्रवासात. रात्री साडेअकराला संमतिपत्रावर मित्रानं सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं. बाबा स्ट्रेचरवरून ते बघत होते. नंतर नर्सला म्हणाले, "माझ्या मुलाला चहा द्या कुणीतरी." दोन वर्षांनी त्याच्या जोडीदाराचं पित्ताशय काढायचं होतं. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटचे कोण? मित्र म्हणाला ते त्यांना चाललं नाही. नांदेडहून बहिणीला बोलावून घ्यावं लागलं. आठ वर्षं न बोललेली बहीण. ती येईपर्यंत पेशंट कण्हत होता आणि मित्र पॅसेजमधल्या बाकावर हातात फाईल घेऊन बसला होता. आत जायची परवानगी नव्हती. माझ्या वडिलांचा तो मुलगा होऊ शकला. स्वतःच्या माणसाचा कुणीच होऊ शकला नाही.

2024च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं कळवलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येईल, खात्यावर एकमेकांना नॉमिनी नेमता येईल, रेशनकार्डावर त्यांना एक घर धरलं जाईल. मित्रानं ते मला वाचून दाखवलं आणि विषय बदलला. रेशनकार्ड बाबांनी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवीच्या फोटोमागे ठेवलेलं असतं. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एका चुलीचे झाले." मी थांबले, पुढे काही म्हणतात का म्हणून. म्हणाले नाहीत.

संस्काराचं म्हणाल तर तोही एका हातानं दिलेला नाही. 25 डिसेंबर 1873ला जोतीराव फुल्यांनी पुरोहिताशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. पुढे त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू वराला प्रश्न विचारते, बायकांच्या स्वातंत्र्याचं वचन मागते आणि वर ते देतो. तेव्हाही ते लग्नच नव्हे म्हणणारे होते. ती मंगलाष्टकं वाचताना मला नेहमी वाटतं, दोन पुरुषांनी एकमेकांना हेच विचारलं, तर यातली कुठली ओळ बदलावी लागेल?

लग्नाला तीन आठवडे झाल्यावर एका दुपारी बाबा मटार सोलत बसले होते. खिडकीतून ऊन ताटात पडलेलं, सालींचा गोडसर हिरवा वास. मी त्यांच्या समोर बसले, चार शेंगा सोलल्या आणि विचारून टाकलं. त्या दिवशी रूम पार्टनर का म्हणालात? तुम्हाला खरंच तसं वाटतं? बाबांनी हातातली शेंग पुरी केली. दाणे बोटानं ताटात ओढले. म्हणाले, "त्या माणसाच्या हातात शिक्का होता. पोरीचं लग्न अडलं असतं." मी म्हटलं, नसतं अडलं. साक्षीदार कुणीही असू शकतो. "तुला माहीत असेल. मी महिनाभर त्या फलकासमोरून गेलोय." मग बराच वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. मला वाटलं झालं. तर मान वर न करता म्हणाले, "त्याला लागलं असेल. मला कळतं ते. संध्याकाळी त्याच्याकडे बघवत नव्हतं." आणि पुन्हा थांबून, "पण मी मागे उभा होतो. म्हातारा, घाबरट. टेबलापाशी तू होतीस. तिसरी साक्षीदार तू होतीस. तू काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. कारकुनाची बोटं थांबली होती तेव्हा माझ्या हातात पेन होतं, आणि मी सही कुठे करायची ती जागा शोधत होते.

रात्री मित्राला फोन केला. पलीकडून कुकरची शिट्टी, मग त्याचा आवाज, "थांब, गॅस बारीक करतो." मी सांगितलं, बाबांचंही आणि माझंही. तो ऐकत राहिला. म्हणाला, "काकांचं मी तेव्हाच सोडून दिलं होतं. तुझ्याकडे बघत होतो मी." मग आतून हाक आली, इन्सुलिन कुठे ठेवलंयस, आणि तो म्हणाला, "फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या मागे. बघ ना नीट. आलो."